खाडीत सोडलेली संत्री

लग्नकार्यात कुणी माझी ओळख "या समुद्रविज्ञानातल्या शास्त्रज्ञ" अशी करून दिली की समोरच्याचे डोळे लगेच चमकायला लागतात. त्याला डॉल्फिन दिसतात, पाठीवर ऑक्सिजनची टाकी लावून रंगीत माशांमधून सुळकन जाणारी मी दिसते. मग मला सांगावं लागतं की नोकरीतला बहुतेक काळ मी मुंबईच्या उपनगरांमागच्या चिखलात काढला, गुडघ्यापर्यंत आणि वाईट दिवशी कमरेपर्यंत. समोरचा "अच्छा, अच्छा" म्हणतो आणि जिलबीकडे वळतो.

प्रवाळ मी पाहिलेत. मालवणच्या समुद्रात पाहिलेत आणि ते देखणे असतात, याबद्दल माझं काही म्हणणं नाही. पण देखण्या गोष्टींचं कौतुक करायला माणसांची कमी नसते. मी जीव लावला तो तिवरांना. मुलुंडला आमच्या घरामागे खाडी, घाटकोपरकडे जाताना खाडी, बोरीवलीच्या पश्चिमेला खाडी, आणि या सगळ्या खाड्यांच्या काठी हे कळकट हिरवं झाड उभं. रस्त्यावरून जाताना लोक काच वर करतात, कारण वास येतो. त्या वासात मी संसार केला, असं माझे यजमान म्हणायचे.

हे झाड काय करतं ते एकदा सांगून टाकते. ज्या चिखलात हवेचा कण नसतो, तिथे ते उभं राहतं. मुळांना श्वास घ्यायला जागा नाही म्हणून ते मुळंच जमिनीबाहेर काढतं, पेन्सिलीएवढी, सरळ वर. झाडाभोवती अशी शेकडो टोकं उभी असतात, त्यांना आम्ही श्वासमुळं म्हणतो. भरतीला ती बुडतात, ओहोटीला उघडी पडतात आणि तेवढ्या वेळात दम घेतात. झाड खारं पाणी पितं आणि नको असलेलं मीठ पानांवाटे बाहेर टाकतं. माझ्याबरोबर पहिल्यांदा येणाऱ्या प्रत्येकाला मी तिवराचं पान चाटायला लावायचे. एक मोठे अधिकारी पान चाटून म्हणाले होते, "मॅडम, बरोबर कैरी हवी होती." त्यांच्याकडे आलेली माझी कामं नंतर कधी अडली नाहीत.

आमच्या धंद्यात घड्याळ चालत नाही. भरती रोज पाऊण तास पुढे सरकते, त्यामुळे आमच्या प्रयोगशाळेत लाखो रुपयांच्या यंत्राशेजारी तिथींची दिनदर्शिका टांगलेली असायची. तिथीला पाऊणने गुणलं की भरतीची वेळ साधारण कळते, हे कोळीवाड्यात सगळ्यांना तोंडपाठ असतं आणि आम्हीही ते बिनदिक्कत वापरत होतो. पौर्णिमा म्हणजे पंधरा, त्याचे झाले सव्वाअकरा. पुढेमागे होतं थोडं, पण नवऱ्याला डबा केव्हा भरून द्यायचा ते ठरवायला पुरतं.

दुसरं म्हणजे चिखल. नव्या संशोधकांनी कितीही महागडे गमबूट आणले तरी पहिल्याच दिवशी चिखल ते ठेवून घेतो आणि माणूस तेवढा परत पाठवतो. जाड मोजे घालून, पाय सपाट टाकत, बदकासारखं चालायचं. अडकलात तर जोर लावायचा नाही, सरळ आडवं व्हायचं. पीएच.डी. झालेल्या माणसाला "झोप रे, चिखलात झोप" असं ओरडून सांगण्यात जे सुख आहे ते मला पुढे कुठल्याही खुर्चीत मिळालं नाही.

संस्थेत लोकही एकेक यायचे. घाटकोपरचे एक गृहस्थ पिशवीभर फ्लेमिंगोची पिसं घेऊन आले होते. ती घराच्या कुठल्या दिशेला ठेवली तर लाभतील, एवढंच त्यांना विचारायचं होतं. अंधेरीच्या एका बाईंना बाल्कनीत तिवर लावायचं होतं. "मिठाचं पाणी किती घालू? भाजीत घालते तेवढं?" असं त्यांनी अगदी मनापासून विचारलं. मी हसले नाही. तिवराला घरी न्यावंसं वाटणारी माझ्या आयुष्यातली ती एकमेव बाई होती.

आणि मग सावंत.

सावंत बोरीवलीचे. वडील गिरणीत होते, मूळ गाव मालवणकडचं. स्वतः विमा कंपनीतून निवृत्त झाले आणि दुसऱ्याच रविवारी सोसायटीमागच्या तिवरांत उतरून कचरा गोळा करायला लागले. आधी एकटे, मग सोसायटीतले चारजण, मग आजूबाजूच्या सोसायट्यांतले गुजराती, मराठी सगळेच. दर रविवारी ट्रकभर प्लास्टिक निघायचं. आवाज असा की खाडीच्या या काठावरून बोलले तर त्या काठाला कळावं. एरवी आपलं मुंबईचं मराठी बोलायचे, पण मनाला काही लागलं की मालवणीत शिरायचे. मला अशा स्वयंसेवकांचा जरा कंटाळा असतो, खरं सांगायचं तर. हातमोजे घालून फोटो काढतात आणि नाश्त्याला जातात. सावंतांचा मात्र एकही फोटो मी कधी पाहिला नाही. ते कायम खाली वाकलेले असायचे.

त्यांचा फोन आला तो पौषात. "मॅडम, आमची झाडं पिवळी पडतायत. तुम्ही या. आणि येताना घाई करा."

मी गेले. सोसायटीच्या मागच्या भिंतीला एक दार होतं, त्यातून उतरलं की तिवरं सुरू. ताटलीसारखी खोलगट जागा, तिला खाडीकडे उघडणारं एकच तोंड, दहाबारा पावलं रुंद. पलीकडच्या बाजूने एका नव्या इमारतीसाठी मातीचा कच्चा रस्ता टाकलेला, त्याच्याखालून पाणी जायला सिमेंटचा पाइप. मधली झाडं खरोखरच पिवळी पडली होती. काहींचे शेंडे वाळले होते. ओहोटी लागून बराच वेळ झाला होता, तरी आत घोटाभर पाणी होतं आणि श्वासमुळं त्या पाण्यात बुडालेली, काळी, बुळबुळीत. मी एक मूळ बोटांत धरलं तर ते उकडलेल्या शेंगेसारखं सोलून आलं.

लोकांना वाटतं तिवराला पाणी हवं, म्हणून ते पाण्यात मरणार नाही. पण त्याला पाणी येणं जितकं लागतं तितकंच जाणं लागतं. श्वासमुळं दिवसच्या दिवस बुडून राहिली तर तिवर बुडून मरतं, माणसासारखं. ही झाडं त्याच वाटेवर होती, आणि मोठ्या झाडाला एकदा उतरती कळा लागली की आठवडेच हातात असतात.

"पाणी अडलंय," मी म्हटलं.

"मी सांगत नव्हतो?" सावंत कडाडले. "तो रस्ता! तो पाइप त्यांनी मुद्दाम बुजवलाय. झाडं मेली की जागा मोकळी. मॅडम, येत्या रविवारी आपला मोर्चा आहे. तुम्ही फक्त माइकवर येऊन एवढं बोला, बाकी मी बघतो."

त्यांचे फलकही रंगवून तयार होते. शेजारी हिरूबाई उभी होती, जवळच्या कोळीवाड्यातली. ती या तिवरांत चिंबोऱ्या, म्हणजे खाडीतले खेकडे, पकडायची, त्यावर तिचं घर चालायचं. तिचं म्हणणं वेगळंच. "कारखान्याचं पानी हाय बाय. चिंबोरीची बिलं रिकामी परली. कालपासून हात घालतंय, एक नाय गावली." तिने कोपरापर्यंत चिखलाने माखलेला हात मला दाखवला.

माझाही कल रस्त्याकडेच होता. इतकी वर्षं खाड्यांची वाट कुणी लावली ते मी बघत आले होते. पण चिखलात काम करून एक खोड लागते, बघितल्याशिवाय बोलायचं नाही. आणि चुकीच्या माणसावर बोट ठेवलं असतं तर कोर्टात तारखा पडत राहिल्या असत्या, आणि तोवर इथे सरपण उरलं असतं.

निघताना सावंतांनी मोठ्या हौसेने मला तोंडाशी नेलं. तिथे त्यांनी जाळं लावलं होतं. पावसाळा संपल्यावर हिरूबाईकडून जुनं मासेमारीचं जाळं घेतलं, या काठाच्या बांबूपासून त्या काठाच्या बांबूपर्यंत ताणून बांधलं, आणि खाली तळाशी वाळूच्या गोण्या ठेवल्या, म्हणजे खालूनही काही शिरायला नको. भरतीबरोबर येणारा सगळा कचरा बाहेरच अडायचा. त्याला पिशव्या, चपला, थर्माकोल असं काय काय लटकलं होतं.

"एक पिशवी आत येऊ देत नाही," सावंत म्हणाले.

"सावंता, तुझं जालं लय भारी रे," हिरूबाई म्हणाली. "मासं सोरून सगलं पकरतं."

सावंत खूश झाले. मीही कौतुक केलं, कारण आत खरंच कचरा नव्हता. मुंबईत इतका स्वच्छ तिवरांचा पट्टा मी दुसरा पाहिला नव्हता.

पौर्णिमेला मी पुन्हा गेले, एका हातात पाण्याचे नमुने घ्यायच्या बाटल्यांची पेटी आणि दुसऱ्या हातात स्टेशनबाहेरून घेतलेली पिशवीभर संत्री. सावंतांना वाटलं मी भेट आणली. त्यांना सांगितलं की ही खायची नाहीत, खाडीत सोडायची आहेत. ते हळूच म्हणाले, "पूजा आहे का?"

पूजा नव्हती. पाणी कुठून कुठे जातं हे बघायला आमच्याकडे महागडी यंत्रं असतात, पण छोट्या जागेत संत्र्यासारखं यंत्र नाही. ते बरंचसं पाण्याखाली राहून तरंगतं, त्यामुळे त्याला वारा ढकलत नाही, पाणीच नेतं. रंग लांबून दिसतो. हरवलं तर वरिष्ठांना स्पष्टीकरण द्यावं लागत नाही, आणि माशांनी खाल्लं तरी त्यांचं पोट बिघडत नाही.

भरती भरली. उधाणाचं पाणी जाळ्याच्या वरच्या दोरीवरून आत शिरलं आणि सगळी ताटली काठोकाठ भरली. मग ओहोटी लागली. पाणी दोरीच्या खाली उतरल्यावर मी निम्मी संत्री रस्त्याच्या बाजूला सोडली आणि निम्मी मधोमध. सावंत पाइपाच्या तोंडाशी उकिडवे बसले, गुन्हेगार रंगेहाथ पकडायला बसावं तसे.

पहिलं संत्रं पाइपाकडे गेलं, क्षणभर घुटमळलं आणि आत शिरलं. थोड्या वेळाने पलीकडच्या टोकाने बाहेर पडलं. त्यामागून दुसरं गेलं, तिसरं गेलं. सावंतांनी पाइपात हात घातला. "ओढ आहे," ते म्हणाले, आणि त्यांचा चेहरा उतरला. पाइप लहान होता, त्यातून एवढ्या पाण्याचा निचरा होणं शक्य नव्हतं, पण तो बुजवलेला नव्हता. आयुष्यात पहिल्यांदा माझ्यासमोर एक बिल्डर निर्दोष निघाला आणि मला मनापासून वाईट वाटलं.

मधली संत्री मात्र जागची हलेनात. जरा तोंडाकडे सरकली आणि तिथेच गोल गोल फिरत राहिली. मी जाळ्याजवळ गेले. बाहेरच्या बाजूला खाडी झपाट्याने उतरत होती, चिखल उघडा पडला होता. आतलं पाणी मात्र वीतभर वर, जाळ्याला टेकून उभं. बाहेरून प्लास्टिक दाबून बसलेलं, आतून तिवराची गळलेली पानं चिकटलेली, आणि दोन्हींच्या मध्ये महिन्यांचा गाळ. खाली वाळूच्या गोण्या. जाळं कुठे उरलं होतं? ती भिंत झाली होती. भरतीचं पाणी वरून उडी मारून आत येत होतं आणि बाहेर जायला त्याला वाट नव्हती.

मला समजलं. खोटं कशाला बोलू, त्या क्षणी मला पाइप बुजलेला असता तर किती बरं झालं असतं असं वाटत होतं. दुष्ट माणसाला सुनावणं फार सोपं असतं. मी ते बरेचदा केलंय आणि त्यात मला मजाही आलीय. या माणसाला कसं सांगायचं?

"सावंत," मी म्हटलं, "इकडे या. जाळ्याला हात लावून बघा."

"संत्री जाळ्यातून जाणार नाहीतच मॅडम," ते तिथूनच म्हणाले. "संत्रं मोठं, भोक लहान. पाणी जातं की."

मुद्दा बिनतोड होता. आमच्या संस्थेतल्या बैठकीतही कुणी एवढा नेमका आक्षेप घेतला नसता. "म्हणूनच म्हणते," मी म्हटलं. "संत्री राहू द्या. हात घाला."

ते आले. बाही वर करून कोपरापर्यंत हात पाण्यात घातला, जाळ्याला तळवा लावून थांबले. जरा बाजूला सरकून पुन्हा लावला. मग आणखी खाली, गोण्यांपर्यंत.

"हाताक ओढ लागणा नाय," सावंत म्हणाले. मालवणीत.

मग त्यांनी मान वर करून पिवळ्या झाडांकडे पाहिलं. "म्हणजे मियांच मारलंय काय गो ह्या झाडांका?"

त्यांचा तो मोठा आवाज इतका लहान होऊ शकतो हे मला माहीत नव्हतं. मला रडू आलं, आणि रडू आलं की मी चिडते, तशी मी चिडले. "जाळं तुमचं होतं सावंत," मी ओरडलेच, "पण त्याला चिकटलेला कचरा सगळ्या मुंबईचा आहे! आणि झाडं अजून मेलेली नाहीत. बसू नका आता!"

ते बसलेच नव्हते. हिरूबाईच्या कमरेला सुरी होती, ती त्यांनी मागून घेतली. मी म्हटलं, सोडवून घ्या, गाठी सोडवा, जाळं पुन्हा उपयोगी पडेल. त्यांना ते ऐकू गेलं की नाही कोण जाणे. मांडीएवढ्या चिखलपाण्यात उभं राहून त्यांनी स्वतः ताणून बांधलेल्या दोऱ्या एकेक करून कापल्या. मग आम्ही तिघांनी गोण्या ओढल्या. तिसरी गोणी निघाली आणि पाण्याने जो काही हिसका दिला, की मी नोकरीभर दुसऱ्यांना शिकवलेला धडा गिरवत चिखलात आडवी झाले. काळं, कुजकं पाणी खळाळत बाहेर पडलं. त्याच्यामागून संत्री निघाली. एकामागून एक, तोंडातून बाहेर, वळून मोठ्या खाडीत, समुद्राकडे.

"गेली गो," हिरूबाई म्हणाली. "गेली सगली."

रविवारी मोर्चा निघाला नाही. फलक घेऊन आलेल्या लोकांसमोर सावंत माइकवर उभे राहिले आणि काय झालं ते त्यांनी सांगितलं. पाणी रस्त्याने अडलेलं नाही, माझ्या जाळ्याने अडलं होतं, ते परवा काढलं. एवढंच बोलले, स्वतःला बोल लावला नाही आणि सबबीही दिल्या नाहीत. मी मोठमोठ्या परिषदांत बसलेय. आपला सिद्धान्त चुकला असं उभं राहून सांगणारा शास्त्रज्ञ मी फार क्वचित पाहिला, आणि सांगितलंच तर त्याला पंधरा तक्ते लागायचे.

सगळी झाडं वाचली नाहीत. मधली बरीच गेली, आणि तिथे अजूनही वाळके बुंधे उभे आहेत. ते बघून मला आजही त्रास होतो. पण कडेच्या झाडांना फाल्गुनात नवी पालवी आली. पुढच्या पावसाळ्यात बिया पडल्या, भरतीने त्या मधल्या उघड्या जागेत आपण होऊन आणून रुजवल्या. मी भरून नेलेल्या बाटल्यांत कारखान्याचं काहीच निघालं नाही, आणि चिंबोऱ्या सगळ्यांच्या आधी परतल्या. हिरूबाईने मला पहिल्या चार पाठवल्या, आणि त्या निवडताना माझ्या बोटाचा चावा घेऊन त्यांनीही आपली तब्येत कळवली.

कचऱ्याचं काय, हा प्रश्न उरलाच. जाळं नसेल तर रोज पोतंभर प्लास्टिक आत. मी सावंतांना सांगितलं होतं की जाळं लावता येईल, पण भरती चढताना लावायचं, भरली की कचरा वेचून जाळं काढायचं, ओहोटीला वाट मोकळी. हे रोज करायचं, रोज वेगळ्या वेळी, रविवार बघायचा नाही की सण बघायचा नाही. मी हे सांगितलं ते कुणी करणार नाही या खात्रीनेच. सावंतांनी नुसतं विचारलं, "तिथीला पाऊणने गुणायचं ना?"

त्याला आता बरीच वर्षं झाली. मधल्या काळात मी निवृत्त झाले. निरोपाच्या कार्यक्रमाला मी आग्रहाने ज्यांना बोलावलं होतं त्यांत सावंत पहिले. दुसऱ्या रांगेत त्यांच्यासाठी खुर्ची राखून ठेवली होती. शाल झाली, नारळ झाला, संचालकांचं भाषण सुरू झालं, तरी खुर्ची रिकामी. मला वाईट वाटलं, लपवत नाही. भाषणं संपेपर्यंत मी दाराकडेच बघत होते.

शेवटी फोन वाजला. मागे पाण्याचा आवाज, आणि त्याच्यावर सावंतांचा, पूर्वीसारखा, खाडीपार जाणारा.

"मॅडम, माका येवक जमाचा नाय! कार्यक्रम कोणी ठरवल्यान हो? आज पुनव! भरती चढताहा, मी जाळ्यार उभो आसंय!"

मी भिंतीवरच्या दिनदर्शिकेकडे पाहिलं. पौर्णिमा होती. घड्याळात अकरा वाजून गेले होते. एवढ्या मोठ्या समुद्रविज्ञान संस्थेत हे कुणाच्याही लक्षात आलं नव्हतं, माझ्यासुद्धा.